काळ्या बोकडाचं भांडण

मी लग्न होऊन या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. नुकतं फटफटलं होतं. नवी सून म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठले, चुलीपुढं बसले, काडी ओढली, आणि भिंतीपलीकडून एका बाईचा असा आवाज आला की हातातली काडी विझून गेली.

"त्या काळ्या बोकडानं माझं वाटोळं केलं! काल सुपातले दाणे खाल्ले, परवा लुगड्याचा पदर खाल्ला, आता माझं काळीज तेवढं खायचं राहिलं! अन् तुमी? तुमी बसा तमाखू मळत! विका म्हणलं तर विकत न्हाई, हाकला म्हणलं तर हाकलत न्हाई. त्या बोकडासंगंच संसार करा आता, मी चालले माहेरी!"

पुरुषाचा आवाज नाही. मला वाटलं, आता हा माणूस हात उचलतो. धावत जाऊन सासूला हलवलं. "आत्याबाई, उठा. शेजारी लई भांडण लागलंय."

सासूनं गोधडीतून तोंडसुद्धा काढलं नाही. "निज जाऊन. भांडण न्हाई ते. चंद्री अंग गरम करून राहिली."

मी तशीच भिंतीला कान लावून उभी राहिले. थोड्या वेळानं पलीकडून पुरुषाचा आवाज आला, एकदम मऊ, जसं काही पाऊसपाण्याचं विचारावं.

"झालं? मंग भाकर दे."

आणि ती बाई हसली. खुदखुदून हसली.

दिवस वर आल्यावर मी भिंतीवरून डोकावून बघितलं. मेंढरं होती, शेळ्या होत्या, एक पांढरा बोकड होता, एक तांबूस. काळा बोकड कुठं दिसेना. विहिरीवर त्या बाईची भेट झाली तेव्हा भीत भीत विचारलं. चंद्रभागा घागर खाली ठेवून म्हणाली, "काळा बोकड आमच्या वाड्यात न्हाई राहत माय, माझ्या तोंडात राहतो. पहाटी उठलं की अंगाला कुलूप लागल्यावाणी वाटतं बघ. त्याच्या नावानं चार बोल हाणले की कुलूप निघतं. मंग दिवसभर काम व्हतंय."

तिच्या नवऱ्याचं नाव नामाजी. मेंढरांच्या मागं फिरणारा, दिवसातून मोजकेच शब्द बोलणारा माणूस. त्यातले दोन-तीन त्या पहाटेच्या भांडणात खर्च व्हायचे. बाकीचे मेंढरांना.

असं आमचं शेजार. कुरुंद्याच्या अंगानं आमचं गाव, हळदीचं रान. त्यांचं घर धनगराचं, आमचं शेतकऱ्याचं, मध्ये एक मातीची भिंत. आमच्या घरात घड्याळ आलं तरी त्याला कुणी विचारलं नाही. चंद्रभागेचा बोकड ओरडला की चूल पेटायची. हळदीच्या खुरपणीला बाया निघाल्या की पहिल्या ओळीला तीच लागायची. बसता बसता सुरू करायची, "अगं, त्या मुडद्यानं आज काय केलं ठाऊक हाय का?" बाया हसायच्या, दोन उत्तरं द्यायच्या, आणि हात असे चालायचे की मुकादमाला बोलायला जागा उरायची नाही.

नवीन माणूस तिला भांडखोर म्हणायचा. आम्हाला ठाऊक होतं की खरं भांडण तिला कधी जमलं नाही. भावानं माहेरच्या वाट्यात फसवलं तेव्हा ती भावाच्या दारात बसून चहा पिऊन परत आली. थोरलं लेकरू तापात गेलं तेव्हा बाया दवाखान्याच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि ही एक शब्द बोलली नाही. खरं काही लागलं की ती गप्प व्हायची. भिंतीपलीकडून आवाज नाही आला तर आम्ही समजायचो, शेजारी काहीतरी दुखतंय.

आता कबड्डीचं सांगते.

माझी नात प्रतिक्षा आणि तिची नात राजनंदिनी एका वर्गात. दोघी शाळेच्या मुलींच्या संघात. शाळेमागं मैदान, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. सोमेश्वर सर म्हणून खेळाचे मास्तर लातूरकडून आलेले, आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचे. मनापासून शिकवायचे. पोरींना पळवायचे, वाकवायचे, गुडघे छातीला लावायला लावायचे. सामन्याच्या आधी पोरींच्या अंगाला घाम फुटेपर्यंत सोडायचे नाहीत.

पण वसमतला तालुक्याच्या सामन्याला गेल्या की एकच रड. परकं गाव, भिंतीवर चढून बसलेली पोरं, शिट्ट्या. आमची पोरगी रेघ ओलांडून पलीकडं जायची आणि गळा असा बसायचा की 'कबड्डी' तिची तिलाच ऐकू यायची नाही. पंच म्हणायचे, आवाज येत नाही, मागं जा. गुण समोरच्यांना. दुसरी जायची, तिचंही तेच. गड्याला धरायची वेळ आली तरी "धर" म्हणून एकमेकीला सांगायचं कुणाला सुधरायचं नाही. बघता बघता सगळ्या बाद. अर्धा खेळ सरला की मग कुठं त्यांना कंठ फुटायचा. मग मात्र वाघिणी. पण पहिल्या डावात घर जळून जायचं आणि दुसऱ्यात ह्या पाणी घेऊन धावायच्या.

त्यात पोरींचा दोष तरी काय? जन्मल्यापासून आम्हीच सांगतो, हळू बोल, हसू नको, माणसं बसलेत. एक दिवस मैदानात उभं करून म्हणतो, ओरड. कसं ओरडावं लेकरानं?

दोन वर्षं पहिल्याच सामन्यात परत आल्या. तिसऱ्या वर्षी शाळेत ठरलं की यंदाही पहिल्याच सामन्यात हरल्या तर पुढच्या सालापासून मुलांचाच संघ पाठवायचा. मुलींचा बंद. प्रतिक्षा घरी आली, दप्तर टाकलं, ताटावर बसलीच नाही. म्हणाली, "आजी, कबड्डी गेली की शाळेत माझं काय राहिलं?" मी म्हणलं, "अभ्यास राहिला की." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान भाकरी झाकून ठेवली.

त्याच आठवड्यात सोमेश्वर सर सकाळचे फिरून येत होते. चंद्रभागेच्या दारापुढं थबकले. आत राजनंदिनी आणि तिची आजी यांचं चाललं होतं. केसाला तेल लावण्यावरून. पोरीचा आवाज असा खणखणीत की कौलावरची चिमणी उडाली.

सर दारात येऊन म्हणाले, "आजी, आता हे कोण ओरडलं?"

"माझी नात. काहून? झोपमोड झाली का सर?"

"नाही आजी. हाच आवाज मला वसमतला पाहिजे. तिथं हिच्या तोंडातून फुंकर निघत नाही."

"मंग घेऊन जा की. डब्यात भरून देऊ का?"

सर हसले, पण गेले नाहीत. ओट्यावर बसले. म्हणाले, "डब्यात नको, तुम्हीच चला. पाय मी गरम करतो. गळ्याचं मला जमंना. तुमच्याशी बोलताना हिचा गळा कसा उघडतो, तेवढं बाकीच्या पोरींचं करून द्या."

चंद्रभागेला इतकं मानानं कुणी कधी बोलावलं नव्हतं. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. नामाजीला म्हणाली, "आवं, मी मास्तरीण झाले." नामाजी म्हणाला, "बरं झालं." आणि मेंढरं सोडली.

पहिला प्रयोग आमच्याच मैदानावर. कुरुंद्याच्या पोरी दोस्तीचा सामना खेळायला आल्या होत्या. मी पण गेले, लिंबाखाली बसले. सरांनी पोरींना पळवून आणलं आणि चंद्रभागेच्या हवाली केलं. ती म्हणाली, "हं, भांडा."

पोरी हसायला लागल्या. तोंडापुढं हात धरून, एकमेकीच्या खांद्यात तोंड खुपसून. ही आपली त्यांना चिडवून बघते, टोचून बघते, पण कुणी पेटेना. पलीकडं कुरुंद्याच्या पोरी उड्या मारून तयार. आता तिला वाटलं, काळ्या बोकडानं ह्यांचं काय होणार? आजकालच्या पोरी, त्यांना खोटा बोकड कुठं पटतोय? खरं काहीतरी द्यावं. आणि तिनं खरं दिलं.

"नंदे," ती आपल्याच नातीला म्हणाली, "तुझ्या बापाच्या शेळ्यायनं प्रतिक्षाच्या बापाचं सोयाबीन खाल्लं. खाल्लं का न्हाई?"

पोरींचे तोंडापुढचे हात खाली आले. ही गोष्ट खरी होती. आठ-पंधरा दिवसांखाली कोवळे शेंडे खाल्ले होते, आणि दोन्ही घरांनी ते गिळून टाकलं होतं.

प्रतिक्षा म्हणाली, "खाल्लंच. अर्धी पट्टी बोडखी केली."

"मंग काट्यांची कुपाटी काहून केली न्हाई तुमी?" राजनंदिनी तडकली.

"चोराची शेळी, अन् कुपाटी आमी करायची?"

"चोर कोणाला म्हणते गं? तुमचा बांध बघ आधी! दर साली इतभर आमच्या रानात सरकून राहिला! माझा बाप बोलत न्हाई म्हणून!"

झालं. बांधाचं नाव निघालं. मग काय विचारता. बाकीच्या पोरीही दोन बाजूंना वाटल्या गेल्या, ज्याच्या त्याच्या घरचं निघालं, नळाचं निघालं, उकिरड्याचं निघालं. आवाज म्हणाल तर असा की कुरुंद्याच्या पोरी उड्या मारायच्या थांबल्या. चंद्रभागा माझ्याकडं बघून डोळे मिचकावून राहिली, बघ म्हणे कसं पेटवलं.

शिट्टी झाली. राजनंदिनी पलीकडं गेली ती गर्जतच गेली. दोघींना शिवून आली. सर जागेवर उड्या मारायला लागले. मग कुरुंद्याची पोरगी आमच्याकडं आली. आता धरायची वेळ. कबड्डीत धरायचं तर शेजारच्या दोघी हातात हात घालतात, त्याला साखळी म्हणतात. प्रतिक्षा आणि राजनंदिनी डाव्या अंगाला शेजारी शेजारी. राजनंदिनीनं सवयीनं हात पुढं केला. माझ्या नातीनं आपला हात पाठीमागं नेला.

कुरुंद्याची पोरगी त्या दोघींच्या मधून अशी निघून गेली, जशी उघड्या दारातून कोंबडी. पुढचं सांगत नाही. आवाज होता, पाय होते, पण संघ नव्हता. दरवर्षी निदान दुसऱ्या डावात तरी सावरायच्या. त्या दिवशी तेही नाही.

आणि तेवढ्यावर कुठं थांबतंय? संध्याकाळपर्यंत बांधाचं बोलणं माझ्या लेकाच्या कानावर गेलं, चोराचं बोलणं चंद्रभागेच्या लेकाच्या, प्रभूच्या, कानावर गेलं. दोघं एकमेकांशी शब्दानंही बोलले नाहीत, म्हणजे समजा किती राग असेल. आमच्या घरचं ताकाचं गाडगं त्यांच्याकडं जायचं थांबलं. त्यांच्याकडून लेंडीखताची पाटी यायची थांबली. प्रतिक्षा सरांना म्हणाली, मी तिच्या शेजारी उभी राहणार नाही. राजनंदिनी म्हणाली, मग मी खेळणारच नाही. सरांनी दोघींच्या जागा बदलून बघितल्या, तर दुसऱ्या कुणाची साखळी जुळंना. वसमतचे सामने तोंडावर आलेले.

सर चंद्रभागेकडं गेले. तिला बोल लावायला नाही गेले, उलटं म्हणाले, "आजी, मीच तुम्हाला बोलावलं. चूक माझी." तिनं चुलीवर आधण ठेवलं. चहा केला, दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आमच्या घरात कुणाला वेळेवर जाग येईना. माझा लेक घड्याळ बघून उठला आणि दिवसभर आंबलेल्या तोंडानं फिरला.

मग एका संध्याकाळी मी अंगणात ज्वारी पाखडत होते. भिंतीपलीकडं नामाजी मेंढरं कोंडत होता. ती तिथंच कुठंतरी बसलेली असणार. नामाजीचा आवाज आला. "चंद्रे."

एक कोकरू आत ढकलल्याचा आवाज आला, मग पुन्हा नामाजीच.

"मैदानावर बोकड काहून नेला न्हाई?"

"कोणता?"

"काळा. तो कुणाचं खात न्हाई."

एवढंच. वाड्याचं फाटक लावल्याचा आवाज आला आणि तो हात-पाय धुवायला गेला. माझं सूप हातात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी अजून चांदणी होती आणि भिंतीवर धपाधप हात पडले.

"भिके! ए भिके! उठली का मेली? तुझ्या काळ्या बोकडानं माझ्या चुलीवरचं दूध पेलं!"

भिके म्हणजे मी, तेव्हा पीठ मळत होते. इतक्या वर्षांत ती नवऱ्याशी भांडली, कोंबड्यांशी भांडली, उगवत्या दिवसाशी भांडली, पण माझ्याशी कधी नाही. मला कळलं काय ते. पिठाच्या हातानंच अंगणात आले आणि जेवढा म्हणून गळा देवानं दिला तेवढा लावला.

"माझा कुठला गं बोकड? तुझ्या माहेराहून आंदण आलेला तो! तूच त्याला वळण लावलं न्हाई!"

"मी? मी वळण लावलं न्हाई? तुझ्या दारात रोज भाकर खायला बसतो, अन् वळण मी लावू?"

"भाकर खातो म्हणूनच जिता हाय! तुझ्या हातची आमटी पेला असता तर कवाच मेला असता!"

आता बघा, दोन म्हाताऱ्या, मध्ये भिंत, आणि भांडण अशा बोकडावरून जो कधी जन्मालाच आला नाही. गल्लीतली कुत्री उठली. माझा लेक बाहेर आला. प्रभू बाहेर आला. प्रतिक्षा डोळे चोळत आली. "आजी, कोणता बोकड गं?"

भिंतीवर राजनंदिनीचं डोकं उगवलं. "तुमचाच हाय तो!"

प्रतिक्षानं डोळे चोळायचे थांबवले. मग म्हणाली, "आमचा? दाढी तर तुझ्यावाणी हाय!"

"अन् अक्कल तुझ्यावाणी!"

"म्हणूनच तुमच्या दारात येतो, बिनअकलेचा!"

हे म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. पलीकडचं डोकं हसून हसून भिंतीखाली गेलं. प्रभू आणि माझा लेक एकमेकांकडं बघत उभे. माझा लेक म्हणाला, "बांधाचं दिवाळीनंतर मोजू." प्रभू म्हणाला, "मोजू की. पळून चालला का बांध?" त्या दिवशी दुपारी प्रभूनं बाभळीच्या काट्या आणून आमच्या पट्टीला कुपाटी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी ताकाचं गाडगं पाठवलं.

मैदानावर मग बोकड गेला. बाकीच्या पोरींनाही त्याची ओळख झाली. पहिल्या दिवशी लाजल्या, दुसऱ्या दिवशी एकीनं त्याला शिंग दिलं, एकीनं लंगडा पाय दिला. चंद्रभागा मधोमध बसायची आणि सगळ्या तिच्याशी भांडायच्या, एकमेकींशी नाही. बोकड आजीचा, नुकसान आमचं. आधी पोरींना म्हातारीवर ओरडायला संकोच वाटायचा. ही म्हणायची, "ओरडा गं, मला कमी ऐकू येतं." कानानं ती मांजर होती.

सरांनी त्यात आपली भर घातली. बोलायचं ते एका दमात. श्वास तुटला की दुसरीची पाळी. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बोकड धरायचा. "धरा त्याला!" म्हणायचं आणि हातात हात घालून गोल आवळायचा. चंद्रभागा मध्ये सापडायची. "मला काहून धरता? बोकड तिकडं गेला!" असं ती रोज ओरडायची आणि पोरी रोज हसायच्या. भांडण संपलं की हात हातात असायचे. ते सरांनी बसवलं, त्याचं श्रेय त्यांचं.

वसमतच्या सामन्याला आम्ही दोघी पण गेलो. फाट्यावर उत्तमसिंगची जीप ठरलेली. तो म्हणाला, "मावशी, बकरा गाडीत नाही घेणार, सीट खराब करतो." चंद्रभागा म्हणाली, "तुझी सीट बघून त्यालाच उलटी व्हईल." पोरी आत, आम्ही पुढं, गाडी वसमतपर्यंत खिदळत गेली.

मैदानाभोवती तीच गर्दी, भिंतीवर तीच पोरं. सरांनी पळवून आणलं. मग पोरींनी चंद्रभागेला मध्ये बसवलं आणि सुरू केलं. भिंतीवरची पोरं आधी हसली. "ए, बकरा बकरा!" म्हणून ओरडली. पण ह्यांचा आवाज त्यांच्याहून वर. समोरच्या संघातल्या पोरी एकमेकींना विचारतात, काय हो, खरंच बोकड हरवलाय काय? पंचांनी घड्याळ बघितलं, मग राहवेना म्हणून एका पोरीला तेच हळूच विचारलं. "धरा त्याला!" झालं, गोल आवळला, चंद्रभागा पदर सावरत बाहेर आली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. तिचा हात माझ्या मांडीवर होता.

"भिके," ती म्हणाली, "आता गळा बसला तर?"

पहिली चढाई राजनंदिनीची. रेघेवर वाकली, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि पाऊल टाकलं. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." रस्त्यावर केळी विकणारा माणूस मान वळवून बघायला लागला, एवढं सांगते. कोपऱ्यातल्या पोरीला शिवली, वळली, रेघेवर पडता पडता आली. गुण आपला. मग त्यांची दांडगी पोरगी आमच्याकडं आली. डाव्या अंगाला आमच्या दोघी. मी प्रतिक्षाचा हात बघत होते, दुसरं काही बघत नव्हते. तिचा हात गेला, राजनंदिनीच्या हातात अडकला, आणि प्रतिक्षा ओरडली, "धर त्याला!"

'त्याला' म्हणाली बरं का. पोरगी समोर, आणि म्हणते 'त्याला'. सातही जणी तुटून पडल्या. ती दांडगी पोरगी मातीत, आणि तिच्यावर आमचं अख्खं गाव.

तो सामना जिंकलो. पुढचा हरलो, अगदी थोडक्यात. पण संघ बंद करायचं नाव पुन्हा शाळेत निघालं नाही. सर येताना जीपमध्ये मागं पोरींत बसले आणि बोकडाला शिव्या देत आले. लातूरच्या शिव्या आम्हाला नवीन होत्या.

तेव्हापासून रीतच पडली. सामना असला की चंद्रभागा सकाळी फाट्यापर्यंत चालत यायची. जीपमध्ये बसायच्या आधी पोरी तिच्याभोवती गोल व्हायच्या, भांडायच्या, बोकड धरायच्या आणि मग निघायच्या. मैदानावर त्यांचं त्या करायच्या. तिची गरज खरं तर उरली नव्हती. पण ती नाही आली तर निघायचं कसं, असं पोरींना वाटायचं, आणि तिलाही.

तिला दमा होताच, तो मात्र वाढत गेला. हळद घासायच्या ढोलापुढं, धुराळ्यात, तिनं किती उन्हाळे काढले त्याचं ते देणं. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा, ओरडू तर नकाच. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जगू नको असं सरळ सांगा की. आडून काहून सांगता?" पहाटेचं भांडण आखूड झालं. बोकडानं काय केलं ते पुरं व्हायच्या आत दम लागायचा. एखाद्या दिवशी नुसतं "त्या मुडद्यानं..." एवढंच यायचं आणि पुढं खोकला. नामाजी खोकला थांबेपर्यंत वाट बघायचा. मग तसंच म्हणायचा, "झालं? मंग भाकर दे." जसं काही तिनं सगळं बोलून टाकलंय.

पुढच्या साली पोरी तालुका जिंकल्या. सोयाबीनची काढणी चालली होती तेव्हा जिल्ह्याचा सामना लागला, हिंगोलीला. चंद्रभागा त्या दिवाळीच्या आधीच वारली, म्हणजे ही तिची फाट्यावरची शेवटची खेप. तिला ठाऊक असेल, आम्हाला नव्हतं.

त्या दिवशी ती काठी घेऊन निघाली. हिरवं लुगडं नेसलेली. मी बरोबर, नामाजी मागून, मेंढरं प्रभूवर सोपवून आलेला. वाटेत दोन ठिकाणी बसलो. मी म्हणलं, "चंद्रे, जीप घरापोत बोलावली असती." ती म्हणाली, "मी फाट्यावर यायची रीत हाय. जीप माझ्या दारात आली तर बोकडाला काय वाटंल?"

फाट्यावर, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. सर होते, उत्तमसिंग होता, पोरी होत्या. गोल झाला. पोरी तिच्याकडं बघून राहिल्या. तिनं तोंड उघडलं तर आवाज इतका बारीक की मोठ्या गाडीच्या घरघरीत विरून गेला. पोरी वाकल्या. एकदम जवळ वाकल्या, सगळ्यांची डोकी एकत्र.

"काळ्या... बोकडानं..." ती थांबली. दम घेतला.

कुणी घाई केली नाही. राजनंदिनी म्हणाली, "काय केलं गं आजी त्यानं?"

"माझा आवाज खाल्ला."

मग प्रतिक्षा सरळ झाली, कमरेवर हात ठेवले आणि अशी ओरडली की मोरीखालची कबुतरं उडाली. "तुझा बोकड, अन् तूच तक्रार करती? माझं शाळेचं दप्तर कुणी खाल्लं?" "माझी ओढणी कुणी खाल्ली?" "माझ्या बापाची टोपी!" एकीमागं एक, एका दमात, फाट्यावरची माणसं चहाचे पेले घेऊन उभी. शेवटी "धरा त्याला!" झालं, हातात हात गेले, गोल आवळला. पण अलगद आवळला. मधून चंद्रभागेचा बारीक आवाज आला, "मला काहून धरता? बोकड तिकडं गेला."

उत्तमसिंग म्हणाला, "मावशी, निकलूं क्या?"

"नीघ. अन् भोंगा वाजवत जाय. तुझ्या भोंग्याहून माझ्या पोरी जोरात हायेत, पण लोकायला सवय न्हाई."

जीप गेली. वळणापर्यंत आतून पोरींचा आवाज येत होता. वळणानंतर नुसती धूळ. ती कठड्यावरून तिकडं बघत बसली, मी शेजारी.

नामाजी पलीकडं लिंबाखाली उभा होता. रस्ता ओलांडून आला.

"झालं?"

"झालं."

"मंग भाकर दे."

तिनं फडक्याची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला, पण नामाजीनं हात पुढं केला नाही, वाट बघितली. तिनं भाकर मोडली, त्याला दिली, मला दिली, वर ठेचा ठेवला, आणि आपण एक कोर तोंडात घालून म्हणाली, "मीठ कमी पडलं. त्या मुडद्यानं खाल्लं असंल."